फाइल बदलली, हे संगणकाला कसे कळते?

सन १९७६ मधील गोष्ट. ज्या बेल प्रयोगशाळेत १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला, त्याच अमेरिकन संस्थेत स्टीव्ह जॉन्सन नावाचे एक संगणकतज्ज्ञ काम करीत. एके दिवशी ते आपल्या आज्ञावलीतील, म्हणजेच प्रोग्राममधील, एक चूक शोधत बसले. मजकूर बरोबर दिसत होता, पण उत्तर मात्र चुकीचेच येत होते. सारी सकाळ अशी गेली. शेवटी उलगडा झाला तो असा, की चूक त्यांनी आधीच दुरुस्त केलेली होती! फक्त दुरुस्त केलेल्या मजकुराचे यंत्रभाषेत नव्याने रूपांतर करायचे राहून गेले होते. संगणक बिचारा जुनेच रूपांतर इमानेइतबारे चालवीत होता.

जॉन्सन संतापून आपले सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत गेले. योगायोग असा, की फेल्डमन यांचीही आदली संध्याकाळ अशाच एका घोटाळ्यात गेली होती. माणसाने काय बदलले आणि त्यामुळे कोणते काम पुन्हा करावे लागेल, हे लक्षात ठेवण्याचे काम माणसाकडे न देता यंत्राकडेच का देऊ नये, असा विचार त्यांच्या मनात आला आणि त्याच शनिवार-रविवारी 'मेक' या साधनाचा जन्म झाला. या कामगिरीबद्दल फेल्डमन यांना २००३ साली असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरी या संस्थेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला. 'मेक' आजही जगभर वापरात आहे.

विद्यार्थी मित्रहो, 'मेक'ला सोडवावा लागणारा प्रश्न दिसायला अगदी साधा आहे: ही फाइल गेल्या वेळेपासून बदलली आहे काय? उत्तर फक्त 'होय' किंवा 'नाही'. परंतु हे एका शब्दाचे उत्तर खात्रीने देणे किती अवघड आहे आणि ते देण्यासाठी कोणत्या युक्त्या योजल्या जातात, ते आपण या लेखात पाहू.

सगळेच पुन्हा का करू नये?

प्रथम एक शंका दूर करू. बदलाचा शोध घेत बसण्यापेक्षा प्रत्येक वेळी सर्व फाइलींचे नव्याने रूपांतर केले तर काय बिघडेल? फाइली दहा-वीस असतील तर काहीच बिघडणार नाही. पण लिनक्स या प्रसिद्ध कार्यप्रणालीच्या गाभ्यात साठ हजारांहून अधिक फाइली आहेत. त्यातील एका फाइलीत एक स्वल्पविराम बदलला म्हणून सर्वांचे रूपांतर पुन्हा करणे म्हणजे भाजीत मीठ कमी पडले म्हणून शेतात पुन्हा धान पेरण्यासारखे होईल.

धानाचे उदाहरण आले आहे तर तेच पुढे नेऊ. आमचा गोंदिया जिल्हा हा धानाचा जिल्हा. धान भरडून तांदूळ, तांदूळ दळून पीठ आणि पिठाची भाकरी अशी ही साखळी आहे. साखळीतील प्रत्येक वस्तू आधीच्या वस्तूवर अवलंबून आहे. धान बदलले तर तांदूळ, पीठ आणि भाकरी ही तिन्ही पुन्हा करावी लागतील. पीठच तेवढे बदलले असेल, तर गिरणीत धान पुन्हा नेण्याचे कारण नाही. 'मेक'ला आपण अशी साखळी लिहून देतो. कोणती कडी बदलली एवढे कळले, की तिच्या पुढचे तेवढेच काम ते करते.

म्हणजे सारा भार 'कोणती कडी बदलली' या प्रश्नावर आला. येथे दोन प्रकारच्या चुका संभवतात. न बदललेली फाइल 'बदलली' असे ठरले, तर थोडे काम उगाच होते. वेळ वाया जातो, पण उत्तर बरोबरच राहते. याउलट, बदललेली फाइल 'बदलली नाही' असे ठरले, तर जॉन्सन यांच्यासारखी स्थिती होते. दुरुस्ती केलेली असते, पण चालते ते जुनेच. आज्ञावली एखाद्या रुग्णालयातील यंत्राची किंवा रेल्वेच्या सिग्नलची असेल, तर ही दुसरी चूक किती महागात पडेल, ते सांगायला नको. तेव्हा दोन्ही चुका सारख्या नाहीत, हे येथेच ध्यानात ठेवावे.

पहिली युक्ती : घड्याळ

प्रत्येक फाइलीबरोबर संगणक काही माहिती ठेवतो: फाइलीचे नाव, तिचा आकार किती बाइट आणि ती शेवटची केव्हा बदलली ती वेळ. फेल्डमन यांनी या वेळेचाच उपयोग केला. नियम असा, की मूळ फाइलीची वेळ तिच्या रूपांतराच्या वेळेनंतरची असेल, तर रूपांतर शिळे झाले. ते पुन्हा करा. फाइल उघडून वाचावी लागत नाही, नुसती वेळ पाहिली की झाले. पुस्तक न वाचता त्याच्या वेष्टनावरील चिठ्ठी वाचण्यासारखे हे आहे.

नियम सोपा आणि झटपट आहे. पण भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या मनात येथे एक प्रश्न उभा राहिला पाहिजे. वेळ मोजली, ती कोणत्या घड्याळाने? आणि त्या घड्याळाचे लघुतम माप किती?

व्हर्निअर कॅलिपर हाताळताना तुम्ही हे शिकला आहात, की उपकरणाच्या लघुतम मापाहून लहान फरक त्या उपकरणाला दिसत नाही. फाइलींच्या वेळेचेही तसेच आहे. फॅट नावाची फाइल मांडण्याची एक जुनी पद्धत आहे. अनेक पेन ड्राइव्हांवर ती अजूनही आढळते. तिच्यात बदलाची वेळ १६ बिटांत लिहितात. त्यांपैकी तासांसाठी ५, मिनिटांसाठी ६ आणि सेकंदांसाठी उरलेले ५ बिट. आता ५ बिटांत ० ते ३१ अशा ३२ च संख्या लिहिता येतात. ६० सेकंद तेथे मावत नाहीत. म्हणून सेकंद जोडीजोडीने मोजतात. अशा रीतीने या घड्याळाचे लघुतम माप २ सेकंद झाले!

आता असे समजा, की दहा वाजून ४ सेकंदांनी तुम्ही फाइल जतन केली, लगेच तिचे रूपांतर झाले आणि दहा वाजून ५ सेकंदांनी तुम्ही फाइलीत आणखी एक अक्षर बदलले. या तिन्ही घटनांची एकच वेळ नोंदली जाऊ शकते. मूळ फाइल रूपांतराच्या 'नंतरची' ठरत नाही आणि शेवटचा बदल निसटतो. १९७६ च्या संथ यंत्रांवर असे क्वचितच घडत असेल. आजचा संगणक दोन सेकंदांत शेकडो फाइली लिहू शकतो.

पुढे घड्याळे सूक्ष्म झाली. लिनक्सच्या ईएक्सटी-३ या पद्धतीत १ सेकंद, विंडोजच्या एनटीएफएसमध्ये १०० नॅनोसेकंद, तर ईएक्सटी-४ मध्ये १ नॅनोसेकंदापर्यंतची वेळ लिहिण्याची सोय आहे. पण लिहिण्याची सोय वेगळी आणि घड्याळाचा प्रत्यक्ष ठोका वेगळा. मोजपट्टीवर मिलिमीटरच्या खुणा असून हात सेंटिमीटरभर हलत असला, तर त्या खुणांचा काय उपयोग? संगणकाच्या गाभ्यातील ठोका अनेकदा काही मिलिसेकंदांनी पडतो आणि दोन ठोक्यांमधील सर्व बदलांना एकच वेळ मिळते.

घड्याळ आणखी कसे फसवते?

लघुतम माप ही झाली एक अडचण. दुसरी अडचण अशी, की घड्याळच चुकीचे असू शकते. संगणक बंद असताना त्याचे घड्याळ नाण्याएवढ्या एका सेलवर चालते. शाळेच्या प्रयोगशाळेतील जुन्या संगणकात हा सेल संपला, की वीज गेल्यावर घड्याळ मूळ तारखेवर जाते. डॉसच्या काळातील संगणकांत ही तारीख १ जानेवारी १९८० असे, कारण फॅट पद्धतीत वर्षे १९८० पासूनच मोजतात. आज केलेली दुरुस्ती अशा संगणकावर १९८० सालची ठरेल. मग 'मेक'च्या दृष्टीने ती रूपांतराच्या कितीतरी आधीची! फाइली एका संगणकावर आणि रूपांतर दुसऱ्यावर होत असेल, तर त्या दोन घड्याळांतील काही सेकंदांचा फरकही पुरेसा होतो.

तिसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. समजा आजची फाइल बिघडली म्हणून तुम्ही गेल्या आठवड्याची प्रत पेन ड्राइव्हवरून परत आणली. पुष्कळ साधने प्रत करताना जुनी वेळ तशीच ठेवतात. फाइलीचा मजकूर तर बदलला, पण तिची वेळ पुढे जाण्याऐवजी मागे गेली. 'नंतरची आहे काय?' असे विचारणारा नियम येथे हमखास फसतो. म्हणून नव्या साधनांनी प्रश्नच बदलला. 'नंतरची आहे काय?' असे न विचारता 'मागच्या वेळी आपण नोंदली होती त्यापेक्षा वेगळी आहे काय?' असे ते विचारतात. वेळ पुढे जावो वा मागे, ती वेगळी दिसली की संशय घ्यायचा. प्रश्नाच्या या एका फेरबदलाने बरेच घोटाळे टळले.

दुसरी युक्ती : ताळा

घड्याळावर विसंबायचे नाही असे ठरवले, तर फाइलीचा मजकूरच पाहायला हवा. मागच्या वेळची पूर्ण प्रत जपून ठेवावी आणि अक्षर न् अक्षर ताडून पाहावे, हा एक मार्ग झाला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना १,२५९ हस्तलिखितांचा असा उपयोग केला गेला. १९१९ साली सुरू झालेले ते काम १९६६ साली पुरे झाले. संगणक वेगवान खरा, पण दर वेळी दोन-दोन प्रती बाळगणे आणि वाचणे त्यालाही जड जाते.

यावरचा उपाय आपल्या प्राथमिक शाळेच्या अंकगणितात दडलेला आहे. तो म्हणजे नवाचा ताळा. ४७ × २३ = १०८१ हा गुणाकार बरोबर आहे का, ते पाहू. ४ + ७ = ११ आणि १ + १ = २. २ + ३ = ५. आता २ × ५ = १०, म्हणजे १. उत्तराचे अंक १ + ० + ८ + १ = १०, म्हणजे १. ताळा जुळला. उत्तर चुकून ११८१ लिहिले असते, तर अंकांची बेरीज ११, म्हणजे २ आली असती आणि चूक उघडी पडली असती. ही रीत भारतात फार जुनी आहे. दहाव्या शतकातील दुसऱ्या आर्यभटाच्या 'महासिद्धान्त' या ग्रंथात ती आढळते.

ताळ्याचे मर्म असे, की मोठ्या संख्येचे सारे अंक मिळून एक छोटी खूण तयार होते. मोठी संख्या ठेवण्याऐवजी ती खूण ठेवली तरी चालते. संगणकातील फाइल म्हणजे अखेर संख्यांची रांगच असते. तेव्हा फाइलीचाही ताळा काढता येईल. मागच्या वेळचा ताळा लिहून ठेवायचा, आज पुन्हा काढायचा आणि दोन्ही जुळतात का ते पाहायचे.

मात्र नवाचा ताळा येथे पुरत नाही. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर १.३५ हेक्टरऐवजी १.५३ हेक्टर असे लिहिले गेले, तर? १ + ३ + ५ आणि १ + ५ + ३ या दोन्हींची बेरीज ९ च येते. अंकांची अदलाबदल नवाच्या ताळ्याला दिसत नाही. मग प्रत्येक अंकाला त्याच्या स्थानाने गुणून पाहू. पहिल्या संख्येत (१×१) + (३×२) + (५×३) = २२. दुसऱ्या संख्येत (१×१) + (५×२) + (३×३) = २०. आता फरक दिसला! पुस्तकांवरील दहा अंकी आयएसबीएन क्रमांक याच तत्त्वावर बेतलेला होता. तुमच्या आधार क्रमांकातील बारावा अंकही असाच ताळ्याचा अंक आहे. तो डच गणिती फेरहूफ यांनी १९६९ साली मांडलेल्या पद्धतीने काढतात. एखादा अंक चुकला किंवा शेजारच्या दोन वेगळ्या अंकांची अदलाबदल झाली, की तो चूक पकडतो.

तरीही आपले काम संपत नाही. ७६१ या संख्येचा ताळा वरील रीतीने काढा: ७ + १२ + ३ = २२. म्हणजे १३५ आणि ७६१ यांचा ताळा एकच! हे टाळता येणार नाही. खुणा थोड्या आणि संख्या पुष्कळ असल्या, तर दोन संख्यांच्या वाट्याला एकच खूण येणारच. दहा खुंट्यांवर अकरा टोप्या अडकवायच्या, तर एका खुंटीवर दोन टोप्या येतातच, तसे हे आहे. उपाय एकच: खुंट्यांची संख्या प्रचंड वाढवायची आणि टोपी कोणत्या खुंटीवर जाईल याचा अंदाज कोणालाच येणार नाही अशी व्यवस्था करायची.

अशा थोर ताळ्याला संगणकशास्त्रात 'हॅश' म्हणतात. २००१ साली प्रसिद्ध झालेला शा-२५६ हा हॅश सध्या फार वापरला जातो. फाइल एका ओळीची असो वा संपूर्ण ग्रंथाची, हा हॅश नेहमी २५६ बिटांचाच येतो. त्याच्या शक्य असलेल्या किमतींची संख्या लिहायला ७८ अंक लागतात. संपूर्ण सूर्यातील अणूंची संख्या सुमारे १ वर ५७ शून्ये एवढी आहे. त्यावरून या संख्येची कल्पना यावी. शिवाय फाइलीत एकच अक्षर बदलले, तरी हॅशमधील सुमारे निम्मे बिट उलटतात. दोन वेगळ्या फाइलींचा हॅश योगायोगाने एकच येणे तत्त्वतः शक्य आहे, पण व्यवहारात ती भीती बाळगण्याचे कारण नाही.

हॅशचा आणखी एक फायदा आहे. समजा तुम्ही आज्ञावलीत फक्त एक टीप बदलली. मूळ फाइल बदलली, म्हणून रूपांतर पुन्हा झाले. पण टीप यंत्रासाठी नसतेच, म्हणून रूपांतर पूर्वीसारखेच निघाले. त्याचा हॅश तोच आला. मग साखळीतील पुढची कामे करण्याची गरज नाही. दुसऱ्या पोत्यातील धान आणले, पण त्यातून तंतोतंत तोच तांदूळ निघाला, तर पीठ पुन्हा कशाला दळायचे? नुसत्या वेळेवर चालणाऱ्या 'मेक'ला हे कळत नाही. गूगलने २०१५ साली सर्वांसाठी खुले केलेले 'बेझल' हे साधन मात्र असा विचार करू शकते.

दोन्हींचा मेळ

हॅश भरवशाचा आहे, पण तो फुकट मिळत नाही. तो काढण्यासाठी फाइल पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत वाचावी लागते. सेकंदाला १०० मेगाबाइट वाचणाऱ्या चकतीला १० गिगाबाइट वाचायला १०० सेकंद लागतील. दर वेळी एवढे थांबायला कोण तयार होईल?

म्हणून चांगली साधने स्वस्त खूण आणि भरवशाची खूण यांची जोडी लावतात. याचे उत्तम उदाहरण म्हणजे लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये तयार केलेले 'गिट'. आज्ञावलीतील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे हे साधन आहे. गिट आपल्या सूचीत प्रत्येक फाइलीचा आकार, वेळ आणि हॅश लिहून ठेवते. तपासणीच्या वेळी आधी आकार आणि वेळ पाहते. त्यांत फरक असेल, तरच फाइल वाचते आणि खरोखर मजकूर बदलला काय ते ठरवते. फरक नसेल, तर फाइल बदललेली नाही असे मानते.

येथे चाणाक्ष विद्यार्थी विचारेल, की लघुतम मापाची अडचण तर तशीच राहिली! घड्याळाचा ठोका एक सेकंदाचा आहे असे समजा. गिटने दहा वाजून ५ व्या सेकंदाला सूची लिहिली आणि त्याच सेकंदात, पण सूची लिहून झाल्यावर, कोणी फाइलीत ४ च्या जागी ७ लिहिले. आकार तोच, वेळही तीच, मजकूर मात्र वेगळा. बदल निसटणार.

गिटचे यावरील उत्तर मोठे मार्मिक आहे. सूची स्वतः कोणत्या वेळी लिहिली गेली, हेही ते पाहते. एखाद्या फाइलीची वेळ सूचीच्या वेळेच्या स्पष्टपणे आधीची असेल, तर तिच्या नोंदीवर विश्वास ठेवायचा. पण फाइलीची वेळ सूचीच्या वेळेइतकीच किंवा तिच्या नंतरची असेल, तर ती संशयित मानायची आणि तिचा मजकूर वाचायचा. बहुतेक फाइली जुन्या असतात, म्हणून संशयित थोड्याच निघतात. वेगही राहतो आणि खात्रीही मिळते. आपल्या उपकरणाचे लघुतम माप किती आहे ते जाणून, त्याच्या आतील वाचनावर विश्वास न ठेवण्याचा जो धडा आपण प्रयोगशाळेत गिरवतो, तोच हा धडा आहे.

दवंडी आणि गस्त

आतापर्यंत आपण तपासणीला निघालो होतो. पण गावात काही घडले तर घरोघर जाऊन विचारण्याऐवजी कोतवालाने दवंडी पिटावी, तसे संगणकाच्या गाभ्यानेच 'अमुक फाइल बदलली' असे कळवले तर? अशी सोय आहे. लिनक्समध्ये २००५ सालापासून 'आयनोटिफाय' नावाची व्यवस्था हे काम करते. इतर कार्यप्रणालींतही तशा व्यवस्था आहेत.

दवंडी उपयोगी खरी, पण ती ऐकायला आपण गावात हजर हवे. लक्ष ठेवणारी आज्ञावली बंद असताना झालेले बदल तिला कोणी सांगत नाही. दुसरे असे, की निरोपांची रांग अमर्याद नसते. आयनोटिफायची रांग साधारणपणे १६,३८४ निरोपांची असते. एकदम हजारो फाइली बदलल्या आणि रांग भरली, तर पुढचे निरोप गळतात. मात्र 'रांग ओसंडली' एवढा एक निरोप तरी मिळतो. तो मिळताच शहाणे साधन दवंडीवर विसंबणे सोडून पुन्हा सर्व फाइलींची गस्त घालते.

आणखी एक खुबी पाहा. कित्येक संपादक साधने मूळ फाइलीत सरळ लिहीत नाहीत. लिहिताना वीज गेली तर अर्धवट फाइल राहू नये, म्हणून ती आधी दुसऱ्या नावाची फाइल लिहितात आणि मग तिला मूळ नाव देतात. नाव तेच, पण फाइल दुसरी! जुन्या फाइलीवर डोळा ठेवून बसलेली आज्ञावली मग रिकाम्या घरावर पहारा देत राहते. म्हणून फाइलीवर पहारा न ठेवता ती ज्या फोल्डरमध्ये आहे, त्या फोल्डरवर ठेवणे बरे.

फेरफाराची नोंदवही

हा सारा प्रश्न केवळ संगणकतज्ज्ञांचा आहे असे मात्र समजू नका. महाराष्ट्रातील गावोगावच्या जमिनीच्या दप्तरात तो फार पूर्वीपासून आहे. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा. त्यात जमिनीची आजची स्थिती असते. जमीन विकली, वारसा लागला, वाटणी झाली, की त्याची नोंद गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, क्रमांकासह होते आणि तो फेरफार क्रमांक सातबाऱ्यावर येतो. आजची स्थिती एकीकडे आणि बदलांची क्रमवार नोंद दुसरीकडे, ही मांडणी गिटच्या मांडणीशी चांगलीच जुळते. गिट एक पाऊल पुढे जाते. त्याच्या प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीचा हॅश गुंफलेला असतो. त्यामुळे जुनी नोंद कोणी गुपचूप बदलली, तर पुढच्या सगळ्या नोंदींचे ताळे चुकतात.

१ मे २०१८ पासून महाराष्ट्र शासनाने डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा देण्यास आरंभ केला. ही स्वाक्षरी म्हणजे सहीचे चित्र नव्हे. आधी उताऱ्याच्या फाइलीचा हॅश काढतात आणि तो हॅश अधिकाऱ्याच्या गुप्त किल्लीने बांधतात. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातच डिजिटल स्वाक्षरीसाठी हॅशचा उल्लेख आहे. पुढे कोणी त्या फाइलीत १.३५ चे १.५३ केले, तर नव्याने काढलेला हॅश बांधलेल्या हॅशशी जुळत नाही आणि लबाडी उघडी पडते. अर्थात ही परीक्षा फाइलीची आहे. कागदावर छापलेल्या प्रतीची परीक्षा अशी होत नाही. तिच्यासाठी पडताळणी क्रमांकावरून मूळ नोंदच पाहावी लागते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमात तर न्यायालयात संगणकीय पुरावा देताना जोडायच्या प्रमाणपत्रात त्याचा हॅशही लिहायचा आहे.

येथे एक भेद लक्षात घ्यावा. अपघाताने झालेला बदल ओळखणे सोपे; कोणी मुद्दाम ताळा जुळवून केलेला बदल ओळखणे कठीण. १९९५ सालचा शा-१ हा हॅश १६० बिटांचा. फेब्रुवारी २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय संस्था यांच्या संशोधकांनी दोन वेगळ्या फाइलींचा शा-१ एकच येईल असे करून दाखवले. त्यासाठी हॅशची गणना ९ वर १८ शून्ये एवढ्या वेळा करावी लागली, पण झाले खरे. तेव्हापासून महत्त्वाच्या कामात शा-१ ऐवजी शा-२५६ सारखे हॅश वापरतात.

बदल म्हणजे तरी काय?

शेवटी आपल्या मराठीतीलच एक गंमत. 'दऱ्या' हा शब्द संगणकावर दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात या 'ऱ'साठी स्वतंत्र चिन्ह योजतात. मग द, ऱ, हलन्त, य आणि काना अशी ५ चिन्हे होतात. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घेतात. तेव्हा ६ चिन्हे होतात. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत यांतील प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. म्हणजे एक शब्द १५ बाइटांचा, तर दुसरा १८ बाइटांचा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. हॅश म्हणेल, फाइल बदलली. वाचक म्हणेल, काहीच बदलले नाही. दोघेही आपापल्या परीने बरोबर आहेत! हॅश बाइट पाहतो, अर्थ पाहत नाही. म्हणून बदल शोधण्यापूर्वी 'कशातील बदल?' हे ठरवावे लागते.

करून पाहा

१. ४७ × २३ चे उत्तर १८०१ असे लिहा आणि नवाचा ताळा काढा. चूक सापडते का? अशी आणखी दोन चुकीची उत्तरे शोधा.

२. ज्या तीन अंकी संख्यांचा स्थानगुणित ताळा २२ येतो, अशा किती संख्या तुम्हाला सापडतात ते वर्गात स्पर्धा लावून पाहा.

३. तुमच्या शाळेत पायथन ही भाषा शिकवत असतील, तर तिच्यातील 'हॅशलिब' या भागाच्या साहाय्याने एका छोट्या फाइलीचा शा-२५६ काढा. मग एकच अक्षर बदलून पुन्हा काढा. दोन्ही हॅश शेजारी लिहून किती चिन्हे वेगळी आली ते मोजा. 'दऱ्या' दोन्ही प्रकारांनी लिहूनही हेच करा.

४. फॅट पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर एकच फाइल दहा-बारा वेळा जतन करा आणि दर वेळी तिच्या बदलाच्या वेळेतील सेकंद शिक्षकांच्या मदतीने नोंदवा. विषम सेकंद एकदाही दिसतो का?

पन्नास वर्षांच्या या खटाटोपातून निघालेला निष्कर्ष थोडक्यात असा. 'बदल झाला' हे सांगायला एक पुरावा पुरतो. 'बदल झाला नाही' असे सांगायला मात्र आपले उपकरण काय पाहू शकते आणि काय पाहू शकत नाही, ते आधी जाणून घ्यावे लागते. स्वस्त खुणेने काम भागेल तेथे ती वापरावी आणि जेथे ती आंधळी आहे तेथे न कंटाळता मूळ मजकूर वाचावा. संशयाचा फायदा आरोपीला देणे हा न्यायालयाचा नियम असेल. फाइलींच्या बाबतीत मात्र संशय आला, की पुन्हा तपासणे हाच नियम.